वॉच, वॉर्निंग आणि बाथरूममध्ये काढलेले तास

"ढग भरून आले की पोटात गोळा येतो मॅडम, आणि नवरा म्हणतो काही होत नाही गं, त्याने तर अजूनच चिडचिड होते." समुपदेशनाच्या पहिल्याच ऑनलाइन सेशनला ती हे बोलली. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) ओक्लाहोमात राहायला जाऊन दोन वर्षं झालेली, सहा वर्षांचा मुलगा. एकदा एप्रिलमध्ये रात्री सायरन वाजला, टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारं गरगरतं वादळ, बराच लांबून गेला, पण तेव्हापासून साधं गडगडलं तरी ती मुलाला उचलून बाथरूममध्ये जाऊन बसायची, दोन-दोन तास. आता आभाळ काळं दिसलं की मुलगा स्वतःच बूट घालून बाथरूमच्या दारात उभा राहतो, हे सांगताना तिला रडू आवरेना.

"काही होत नाही" असं मी पण म्हणाले नाही, कारण ते खरं नाहीये. अमेरिकेत वर्षाला साधारण 1200 टॉर्नेडो होतात आणि ओक्लाहोमात एप्रिल-मे म्हणजे ऐन सीझन. भीती खोटी नव्हती, तिचं माप चुकलं होतं. बहुतेक गडगडाटी वादळांतून टॉर्नेडो होतच नाही, मोठे टॉर्नेडो येतात ते सुपरसेलमधून, म्हणजे ज्या वादळात वर चढणारी हवाच गरगर फिरत असते त्यातून, आणि त्यातल्याही बऱ्याच सुपरसेलमधून काही निघत नाही. निघाले तरी बहुतेक नुकसानीवरून ठरणाऱ्या खालच्या दोन श्रेणींतले, ईएफ-झिरो नाहीतर ईएफ-वन, आणि बरेचसे दहा मिनिटांच्या आत विरतात.

तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि वरच्या श्रेणीतला आला तर?"

आता यावर काय बोलणार! आकडे सांगून भीती गेली असती तर आमचं दुकान कधीच बंद झालं असतं. मग मी तिला फोनचा स्क्रीन टाइम उघडायला सांगितला. वेदर ॲप, आदल्या दिवशी 61 वेळा. दर वेळी रडार बघायचं, दोन मिनिटं बरं वाटायचं, की परत हात फोनकडे. तयारी कधीतरी पूर्ण होते हो, हे चेक करणं कधीच पूर्ण होत नाही.

खरा घोळ निघाला तो शब्दांचा. टॉर्नेडो वॉच आणि टॉर्नेडो वॉर्निंग तिला सारखंच वाटायचं. वॉच म्हणजे वातावरण तसं तयार झालंय, मोठ्या भागासाठी असतो, कित्येक तास चालतो. वॉर्निंग म्हणजे कोणीतरी टॉर्नेडो पाहिलाय किंवा रडारवर तशी चिन्हं दिसली आहेत, आता लगेच आत. त्यात सीव्हियर थंडरस्टॉर्म वॉर्निंग वेगळी, ती तासाला 93 किलोमीटरच्या वर वारा किंवा अडीच सेंटिमीटरच्या गारा असल्या की येते, तेव्हा घरात राहायचं, खिडक्यांपासून लांब. मग ठरलं असं की बाथरूममध्ये जायचं ते फक्त आपल्या भागाची टॉर्नेडो वॉर्निंग आली की, वॉचला फक्त बूट, टॉर्च, मुलाचं सायकलचं हेल्मेट एका जागी ठेवायचं आणि फोनचा अलर्ट चालू आहे ना एवढं बघायचं, बास. तळघर नव्हतं, पण खालच्या मजल्यावरचं आतलं, बिनखिडकीचं बाथरूम म्हणजे जागा योग्यच होती. चुकत होता नवरा, तो हवेचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडायला पळायचा! हा जुना गैरसमज आहे, त्यात फक्त वेळ जातो.

आवाजाची भीती मात्र हळूहळूच गेली. गडगडाटाचं रेकॉर्डिंग आधी अगदी बारीक आवाजात, भाजी चिरता चिरता, आणि छाती धडधडली तरी बंद करायचं नाही, धडधड उतरेपर्यंत थांबायचं. तिसऱ्या आठवड्यात तिने दोन दिवस केलंच नाही आणि मला खोटं सांगितलं, नंतर स्वतःच कबूल केलं. मुलाला वीज दिसल्यापासून गडगडेपर्यंतचे सेकंद मोजायला शिकवलं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तो मोजताना फार खूश असायचा.

मे महिन्यात तिचा मेसेज आला. "काल खरी वॉर्निंग आली. 25 मिनिटं आत होतो. हात थरथरत होते पण अलर्ट संपल्यावर लगेच बाहेर आलो. ह्याने हेल्मेट उलटं घातलेलं, ते बाहेर आल्यावर दिसलं."

खाली स्क्रीन टाइमचा फोटो होता. वेदर ॲप, 14 वेळा.