जुन्या बिनहाताच्या खुर्च्या घेताना आधी खुर्ची उलटी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आजोबांच्या वेळचं सागवानी जेवणाचं टेबल आहे, त्याला चार जुन्या बिनहाताच्या खुर्च्या हव्यात. दुकानदार मात्र दिसेल त्या खुर्चीला 'ब्रिटिशकालीन' म्हणतो. खरं काय मानायचं आणि कुठल्या घ्यायच्या?

भाजीवाला 'आत्ताच माल उतरवलाय' म्हणतो ना, त्यापेक्षा जास्त अर्थ त्या 'ब्रिटिशकालीन'ला नाही. मी जुन्या खुर्च्या घेतो, त्यातल्या काही स्वतः सोडवून पुन्हा जोडतो. दुकानात मी वय विचारतच नाही, खुर्ची उचलून उलटी करतो. वरची बाजू पॉलिशवाल्याने नटवलेली असते, खालची नटवायला कुणाला वेळ नसतो.

खालून बघितलं की बरंच कळतं. जुनं लाकूड सगळीकडे सारखं काळवंडत नाही. हात, उजेड आणि फडकं लागतं तिथे एक रंग, आतल्या कोरड्या बाजूला दुसरा. बैठकीच्या चौकटीची आतली बाजूही वरच्यासारखीच एकजात तपकिरी असेल तर तो डबीतला रंग समजा. मग स्क्रू बघा. अधिक-चिन्हाच्या डोक्याचे स्क्रू १९३० च्या दशकात आले. त्यामुळे 'शंभर वर्षांच्या' खुर्चीला सगळीकडे तसे स्क्रू असतील तर ती एकतर नवी आहे, नाहीतर कुणीतरी पूर्ण खोलून जोडलेली आहे. दुसरी शक्यता वाईट नाही, फक्त भाव त्याप्रमाणे द्यायचा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यातून पिठासारखा भुसा झडत असेल तर ती कीड जिवंत आहे. ती खुर्ची घरी आणू नका, बाकीच्या लाकडालाही धोका.

आता सांधे. बिनहाताच्या खुर्चीचं दुखणं ठरलेलं असतं: मागचा पाय आणि बैठक जिथे मिळतात ती जागा. हात असलेल्या खुर्चीत हाताचा दांडा पाठीला पुढच्या पायाशी बांधून ठेवतो. इथे तो आधार नाही, म्हणून माणूस रेलला की सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो. एक हात पाठीच्या वरच्या दांड्यावर आणि दुसरा बैठकीच्या पुढच्या कडेवर ठेवून खुर्ची पुढे-मागे हलवा. किंचित करकर चालेल. जुन्या खुर्च्या सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने चिकटवलेल्या असतात. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे असा सांधा खोलून, साफ करून पुन्हा नीट चिकटवता येतो. पण त्याच जागी खिळे ठोकलेले, लोखंडी पट्ट्या मारलेल्या किंवा वरून गोंद ओतलेला दिसला तर सोडून द्या. तसा सांधा सोडवताना बहुतेक वेळा लाकूडच फाटतं.

तुमच्या टेबलाला मी काय घेईन म्हणाल, तर इराण्याच्या हॉटेलातली गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. मुंबईतल्या कयानी (१९०४) किंवा ब्रिटानिया (१९२३) अशा ठिकाणी बसला असाल तर चित्र डोळ्यांसमोर येईल. ही मूळची युरोपातली. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटने १८५९ मध्ये आपली १४ नंबरची खुर्ची काढली. बीच नावाच्या झाडाचे दांडे वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचे, वाळले की तोच आकार कायम. सगळी खुर्ची मिळून ६ लाकडी भाग, १० स्क्रू आणि २ नट. सुट्या करून भरल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या बसत. जहाजाने जगभर जाणं या खुर्चीला जमलं ते यामुळेच. थोनेटचं पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि इतर कारखान्यांनीही धडाक्यात उत्पादन सुरू केलं. म्हणून बैठकीच्या आतल्या कडेला थोनेटचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी असली तर उत्तमच, नसली तरी खुर्ची कमी दर्जाची ठरत नाही. नुसत्या शिक्क्यासाठी दुप्पट पैसे मी तरी देणार नाही. शिक्केही मारता येतात.

नक्कल ओळखायची सोपी खूण लाकडाच्या रेषांत आहे. वाकवलेल्या दांड्यात रेषा वळणाबरोबर वळत जातात. फळीतून कापून काढलेल्या वळणात त्या सरळ जातात आणि कडेला तुटतात, आणि खुर्ची मोडते तीही नेमकी तिथेच. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान हा एकच सलग दांडा असायला हवा. कमानीत जोड दिसला तर थांबा. काही खुर्च्यांना बैठकीखाली पायांना आतून धरणारं गोल कडं असतं, त्या डुगडुगायला वेळ लागतो. कडं हरवलं असेल तर पायांच्या आतल्या बाजूला स्क्रूची रिकामी भोकं दिसतात. बैठकीतली भोकं मोठी झाली असतील तर जाड स्क्रू पिळू नका. भोकात लाकडी खुंटी चिकटवून, वाळल्यावर नव्याने भोक पाडून मूळ मापाचा स्क्रू लावायचा. बीचचा एक दोष मात्र आहे. त्याला कीड सहज लागते, सागाच्या गाभ्यासारखं ते टिकून राहत नाही. कोकणात किंवा मुंबईच्या दमट घरात ठेवायची असती तर मी सागवानी खुर्ची सुचवली असती. पुण्यात चालेल.

टेप बरोबर न्या. साधारण ३० इंची टेबलाला १७ ते १८ इंच उंचीची बैठक लागते. वेताची बैठक खचलेली असते, म्हणून उंची कडेवर आणि मध्यभागी दोन्हीकडे मोजा. वेत नुसता सैल झाला असेल तर खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवून सावलीत वाळू द्या, बराच ताणला जातो. फाटला असेल तर नवा विणावा लागेल. कडेने भोकं असतील तर ते हाताने विणायचं काम आहे, आणि विणणाऱ्याला शोधायचा वेळ धरून चाला. अंध कारागिरांना हे काम शिकवण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, अंधांच्या संस्थेत जरूर चौकशी करा. भोकांऐवजी कडेने सलग खाच असेल तर तयार विणलेली जाळी दाबून बसवता येते. ते स्वस्तात आणि लवकर होतं.

मुंबईला गेलात तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट बघा, पुण्यात जुना बाजार आहेच. गोव्यातल्या शिसवी, कोरीव पाठीच्या खुर्च्या देखण्या असतात, पण जड. रोज जेवताना ओढायला मला त्या नकोत. 'चंडीगड' म्हणून दाखवतात त्या उलट्या व्हीसारख्या पायांच्या सागवानी खुर्च्यांपासून जरा सांभाळून. चंडीगड शहरासाठी वास्तुकार पिएर जानरेने केलेल्या त्या खुर्च्या १९५० च्या दशकातल्या, परदेशी लिलावात त्यांना लाखोंचा भाव येतो, आणि बाजारात दिसतात त्या बहुतेक नव्या नकला असतात. नक्कल म्हणून घ्यायला हरकत नाही.

मुलाकडे परदेशी पाठवायचा विचार कधी आला तर एवढं ध्यानात ठेवा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदाराची 'शंभर वर्षं' खरी निघाली तर पंचाईत तुमची होईल.

चार एकसारख्या मिळेपर्यंत थांबू नका. पाठी वेगळ्या चालतात, बैठकीची उंची एक हवी आणि रंग जवळपासचा. आणि दुकानदार 'पॉलिश करून देतो' म्हणाला तर नको म्हणा, तेवढे पैसे कमी करून घ्या. चपड्याचं, म्हणजे लाखेचं जुनं पॉलिश घरी स्पिरिट आणि फडक्याने दुरुस्त करता येतं, पण तो फवाऱ्याने मारून देतो तो चकचकीत थर नंतर खरवडूनच काढावा लागतो.