फोन घरी राहिला तर?

प्रश्न : ताई, माझं जुनं स्मार्टवॉच आता संध्याकाळपर्यंतही तग धरत नाही, म्हणून नवं घ्यायचंय. विक्रेता म्हणतो, सेल्युलरच घ्या, म्हणजे स्वतः मोबाइल नेटवर्कवर चालणारं, नाहीतर फोन घरी ठेवून धावायला गेलात की जीपीएस चालणार नाही. बायको म्हणते, फोनचं बिल भरतोय ते कमी पडतंय का, आता मनगटाचंही भरायचं? मी आठवड्यातून चार दिवस सकाळी तासभर धावतो. एरवी फोन खिशातच असतो. दर महिन्याचा हा जादा खर्च वसूल होतो का? अगदी खरं सांगा.

उत्तर : आधी त्या विक्रेत्याचं निकालात काढू. जीपीएस उपग्रहांकडून येणारे संकेत फक्त ऐकतं. त्याला सिम लागत नाही, प्लॅन लागत नाही, टॉवर लागत नाही. घड्याळात स्वतःचं जीपीएस असलं, की फोन कपाटात पडून असला तरी तुमचं अंतर, वेग, रस्ता सगळं नोंदलं जातं. खोक्यावर एवढं एक वाचून घ्या, कारण काही स्वस्त घड्याळं जीपीएस फोनकडून उसनं घेतात. गाण्यांचंही तेच. आदल्या रात्री घड्याळात उतरवून ठेवली की ब्लूटूथच्या इअरफोनवर वाजतात, इंटरनेटची गरजच नाही.

मग प्लॅन कशाला? तर फोन जवळ नसताना फोन यावा, लावता यावा आणि निरोप मिळावा यासाठी. घड्याळाचा स्वभाव असा, की फोन आसपास असला तर ते ब्लूटूथवरून त्याच्याच जिवावर जगतं. फोन नसला तर ओळखीचं वायफाय शोधतं. दोन्ही नसेल तेव्हाच स्वतःचा रेडिओ, म्हणजे मोबाइल टॉवरशी बोलणारा भाग, जागा करतं. म्हणजे घरात आणि ऑफिसात बसलेल्या माणसाचा प्लॅन दिवसभर झोपलेला असतो. बिल तेवढं जागं.

आणि याला आपण डेटा प्लॅन म्हणतो, पण डेटा त्यात नावापुरता. तासभर गाणी थेट इंटरनेटवरून ऐकलीत, 256 केबीपीएसच्या दर्जाने, तर साधारण 115 एमबी जातात. नोटिफिकेशन आणि हवामान तर किरकोळच. पैसे जातात ते ई-सिमच्या, म्हणजे घड्याळात आतच बसवलेल्या सिमच्या, जोडणीचे आणि तुमचा एकच नंबर दोन यंत्रांवर वाजवण्याचे. त्यामुळे प्लॅन घ्यायचाच झाला तर सगळ्यात लहान घ्या, मोठ्याच्या मोहात पडू नका.

माझं सांगते. मी हा प्लॅन चौदा महिने वापरला. पहिल्या आठवड्यात फोन मुद्दाम ड्रॉवरमध्ये टाकून निघायचे, शाळा सुटल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात फोन पुन्हा कमरेच्या पाऊचमध्ये. का? तर वाटेत फोटो काढावासा वाटतो आणि घड्याळाला कॅमेरा नाही. शेवटी एक महिना डायरीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. फोन जवळ नव्हता असे तास भरले एकोणीस. त्यात मनगटावर आलेले फोन चार. त्यातले दोन कर्ज हवंय का विचारणारे, एक राँग नंबर, आणि एक मुलीचा, की चार्जर कुठे ठेवलाय. त्या चार्जरच्या फोनचा भाव काढला आणि प्लॅन बंद केला.

बंद केल्यावर एकदाच अडलं. धावून आले तर दाराला कुलूप. घरचे बाहेर गेलेले, किल्ली आत, फोनही आत. शेजारणीने तिचा फोन पुढे केला, पण मला कुणाचाच नंबर पाठ नाही! मग लक्षात आलं की कॉन्टॅक्ट्स घड्याळातच उतरलेले असतात, त्यांना रेंज लागत नाही. मनगटावरचा नंबर वाचत वाचत तिच्या फोनवर लावला. म्हणजे मुका झालेला असला तरी हा नग अगदीच कुचकामी नसतो.

तुम्ही आठवड्याला चार तास धावता, म्हणजे महिन्याला सतरा-अठरा. महिन्याचे तास 720. तेवढ्यासाठी महिन्याचं शुल्क गुणिले 36 करून बघा, कारण घड्याळ तीन वर्षं तरी वापराल. त्यात सेल्युलर मॉडेलची जादा किंमत मिळवा. आलेला आकडा बायकोला दाखवायच्या आधी स्वतः दोनदा वाचा.

चार्जिंगचंही गणित आहे. फोनच्या बॅटरीत 4000-5000 एमएएच असतात, घड्याळात 300च्या आगेमागे. एवढ्याशा बॅटरीवर, मनगटाला चिकटलेल्या चिमुकल्या अँटेनाने टॉवर गाठायचा आणि मध्ये आपलं शरीर. रेंज कमजोर असली की रेडिओ जास्त जोर लावतो आणि टक्के भराभर उतरतात. ॲपलने 2017 साली सीरिज 3 हे आपलं पहिलं सेल्युलर घड्याळ आणलं. त्याचे जाहीर केलेले 18 तास हे 4 तास एलटीई (म्हणजे 4जी मोबाइल नेटवर्क) आणि 14 तास ब्लूटूथ असे मिळून होते, आणि एलटीईवर सलग बोलायला तासभर. नंतरची घड्याळं सुधारली आहेत, तरी मनगटावर निवांत गप्पा मारायचा बेत असेल तर विसरा. शिवाय इअरफोन नसेल तर घड्याळ तोंडाशी धरून बोलावं लागतं आणि समोरच्याचं बोलणं अख्ख्या रस्त्याला ऐकू जातं. वारा असला तर फक्त आपल्यालाच ऐकू येत नाही.

एक खाच कुणी सांगत नाही. ॲपल वॉचवर साधे एसएमएस आणि इतर कंपन्यांच्या ॲपची नोटिफिकेशन्स दूरवर मिळण्यासाठी तुमचा आयफोन घरी चालू आणि नेटवर्कवर असावा लागतो. जवळ नसला तरी चालतो, बंद पडलेला चालत नाही. म्हणजे घरी फोनची बॅटरी संपली की मनगटावर ओटीपीची वाट बघत बसा.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत : साधं घ्या. सेल्युलर मॉडेल घेऊन प्लॅन नंतर सुरू करता येतो, पण साध्या घड्याळात रेडिओ नंतर बसवता येत नाही, हे खरं. म्हणून मन डळमळत असेल तर घ्यायच्या आधी महिनाभर हे जुनंच घड्याळ बांधून फोन घरी ठेवून धावा आणि मागच्या पानावर लिहा. अडलं किती वेळा? नुसतं वाटलं किती वेळा? आणि तरीही सेल्युलरच ठरलं, तर फोनचं सिम ज्या मोबाइल कंपनीचं तिचाच घड्याळाचा प्लॅन लागतो का, प्रीपेडवर मिळतो का, हे तिला आधी विचारा. परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर जरा थांबा. एलटीईचे बँड प्रदेशाप्रमाणे बदलतात. तिकडचं मॉडेल इकडच्या टॉवरशी बोलेलच असं नाही.

प्रश्न : माझे वडील 74 वर्षांचे आहेत, एकटे राहतात. मोबाइल आहे, अँड्रॉइडचा, पण फिरायला जाताना हमखास उशाशी विसरतात. मी आयफोन वापरते. त्यांना सेल्युलर घड्याळ द्यावं का?

उत्तर : द्यावं. मघाचा हिशेब इथे लागू नाही, कारण फोन विसरणं हीच त्यांची रोजची रीत आहे.

ॲपल वॉच अँड्रॉइडशी जोडलं जात नाही. पण 2020पासून फॅमिली सेटअपची सोय आहे. घड्याळ तुमच्या आयफोनवरून लावून द्यायचं, त्याला स्वतःचा वेगळा नंबर मिळतो, बाबांकडे आयफोन लागत नाही. त्यासाठी सीरिज 4 किंवा पुढचं नाहीतर स्वस्तातलं एसई, आणि तेही सेल्युलरच हवं. तुमची मोबाइल सेवा देणारी कंपनी ही सोय देते का, ते आधी विचारा. सगळ्या देत नाहीत. अशा घड्याळावर ईसीजी मिळत नाही, तेवढ्यासाठी घेत असाल तर फसाल. फॅमिली सेटअप नको असेल तर त्यांच्याच फोनला जोडलं जाणारं सॅमसंगच्या गॅलक्सी वॉचचं एलटीई मॉडेल बघा.

ॲपल वॉचमधली पडल्याचं ओळखण्याची सोय काय करते, ते बाबांना आधी समजावून सांगा. जोरात पडल्याचं जाणवलं आणि माणूस साधारण मिनिटभर हलला नाही, की घड्याळ मनगटावर टिचक्या मारत, आवाज करत 30 सेकंद मोजतं आणि मग आपत्कालीन सेवेला फोन लावतं. तुमचा नंबर नोंदवलेला असेल तर ठिकाणासह निरोप तुम्हालाही येतो. साध्या घड्याळाला याच कामासाठी जवळ फोन लागतो, किंवा ओळखीचं वायफाय आणि त्यावरून फोन करण्याची सोय. बागेतल्या बाकावर यातलं काहीच नसतं.

पण खरी अडचण वेगळीच आहे. रोज चार्ज करणं. रात्री उशाशी काढून ठेवलेलं घड्याळ सकाळी तिथेच राहिलं, तर तुम्ही फोनच्या जोडीला विसरायची आणखी एक वस्तू दिलीत. आंघोळीला जाताना चार्जिंगला लावायचं, बाहेर आलं की बांधायचं, अशी एकच वेळ ठरवून द्या. पहिले पंधरा दिवस रोज फोन करून विचारा. ते चिडतील. विचारा.

प्रश्न : स्टीलचं घड्याळ आवडलं म्हणून घेतलं, ते सेल्युलर निघालं. प्लॅन घेतला नाही तर काही बिघडतं का?

उत्तर : काही नाही. ॲपलची स्टीलची घड्याळं 2024मध्ये बंद होईपर्यंत बरीच वर्षं सेल्युलरच यायची आणि टायटॅनियमची सेल्युलरच येतात, त्यामुळे तुमच्यासारखे बरेच जण आहेत. प्लॅनशिवाय ते साध्यासारखंच चालतं. उद्या वाटलं तर महिन्यापुरता घेऊन बघा. फक्त बंद करताना घड्याळातून प्लॅन काढून टाकला म्हणजे बिल थांबलं असं समजू नका, कंपनीला वेगळं कळवावं लागतं. मी कळवलं नव्हतं. दोन महिने फुकट भरले.