खालच्या चाकावरचा भुसा

प्रश्न : सावंतवाडीत आमचा लाकडी खेळण्यांचा छोटा कारखाना आहे. आंबा आणि पांगारा कापण्यासाठी 14 इंची बँडसॉ, म्हणजे वरखाली असलेल्या दोन चाकांवर पट्ट्यासारखे पाते फिरवणारी करवत, आहे. पावसाळ्यापासून पाते रेघ सोडते आणि यंत्र धडधडते. दोनदा नवे पाते घालूनही फरक पडला नाही. खालचे दार उघडले की ओंजळभर भुसा निघतो. तो कॉम्प्रेसरच्या हवेने उडवला तर पुरेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पाते बदलूनही धडधड राहिली, तेव्हा दोष बहुधा पात्यात नसून खालच्या चाकाच्या रबरावर असावा. लाकूड कापून खाली येणारे पाते दातांच्या खाचांतला भुसा बरोबर घेऊन थेट त्या चाकावर जाते. तेथे पाते आणि रबर यांच्यामध्ये सापडलेला भुसा ताणामुळे लाटला जातो, आणि लाकूड ओलसर किंवा चिकाचे असेल तर त्याची घट्ट खपली बनते. रबर सहसा मध्यभागी किंचित फुगीर असते व पाते त्याच्याच आधाराने जागेवर राहते. खपली एका बाजूला चढली की तो आधार बिघडून पाते पुढेमागे सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्याला ठोका ऐकू येतो.

नुसते बटण बंद न करता प्लग काढावा, ताण सैल करून पाते उतरवावे आणि चाक हाताने सावकाश फिरवत रबरावरून बोट फिरवावे. एखादा उंच, खरखरीत पट्टा लगेच जाणवेल. तो बांबूच्या चपट्या कामटीने खरवडावा. पटाशीने रबर कापले जाते आणि पेट्रोल किंवा थिनरने ते खराब होते, म्हणून शेवटी ओलसर फडक्याने पुसणे एवढेच पुरे. त्यानंतर चाकाला टेकणारा ब्रश तपासावा. अनेक यंत्रांवर तो असतो, पण केस झिजून चाकापासून सुटला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. नसल्यास जाड नायलॉनचा ब्रश लाकडी ठोकळ्यावर बसवून, चाकाच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे जेथे पाते चाकाला लागत नाही तेथे, केस जेमतेम टेकतील असा लावावा. एवढ्या किरकोळ वस्तूने निम्मा त्रास जातो.

कॉम्प्रेसरचा मोह टाळावा. हवेने सैल भुसा उडतो, खपली तशीच राहते, आणि बारीक धूळ बेअरिंगांत व आपल्या फुप्फुसांत जाते. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवले आहे. धूळ ओढणाऱ्या पंख्याची 100 मिलिमीटर व्यासाची नळी, जमल्यास टेबलाखाली पाते उतरते त्या जागेजवळ, जोडणे उत्तम; घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद नळीला एवढा भुसा झेपत नाही. मोटारीवर साचलेली धूळही दर आठवड्याला ब्रशने झाडावी, कारण गरम मोटारीवर कोरडा भुसा म्हणजे आगीला आमंत्रण. गाईडच्या, म्हणजे पाते सरळ धरणाऱ्या आधाराच्या, बंदिस्त बेअरिंगांना तेल मात्र देऊ नये; त्यात भुसा कालवला जाऊन पुट्टीसारखा लगदा होतो.

रोज काम संपल्यावर पात्याचा ताण सैल करावा, नाहीतर रबरावर एकाच जागी खळगा पडतो. सैल केल्याची पाटी बटणाशेजारी अडकवावी, कारण सकाळी विसरून यंत्र सुरू केले की सैल पाते चाकावरून निसटते.