योहान सेबास्टियन बाख हयातीत संगीतकार म्हणून प्रसिद्ध होते का?

फारसे नव्हते, हयातीत बाख यांचा लौकिक होता तो प्रामुख्याने ऑर्गनवादक आणि ऑर्गन या वाद्याचे जाणकार म्हणून. याचा बोलका पुरावा जर्मनीतील लाइपझिग शहराच्या नगरपरिषदेच्या निवडीत सापडतो. सेंट थॉमस चर्चच्या संगीतप्रमुखपदासाठी परिषदेची पहिली पसंती हॅम्बुर्गमध्ये काम करणारे संगीतकार टेलेमान यांना होती. त्या शहराने वेतन वाढवून दिल्याने ते तिथेच राहिले, त्यानंतर विचारणा झालेल्या संगीतकार ग्राउप्नर यांना डार्मश्टाटच्या दरबाराने सोडले नाही, आणि तेव्हा कुठे 1723 मध्ये ते पद बाख यांच्याकडे आले. आज ज्यांची नावे संगीताच्या अभ्यासकांपलीकडे क्वचितच कोणी घेते, त्यांच्यानंतर बाख यांचा क्रमांक लागला होता! 1750 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या रचनांपैकी मोजक्याच छापल्या गेल्या होत्या. मात्र संगीतकार मेंडेल्सझोन यांनी 1829 मध्ये बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही बाख यांची धार्मिक संगीतरचना सादर करेपर्यंत बाख पूर्णपणे विस्मरणात गेले होते, हा समज अतिशयोक्त आहे. त्यांच्या कळफलक-वाद्यांसाठीच्या रचना हस्तलिखित प्रतींतून जाणकारांमध्ये फिरत होत्या आणि बॉनमध्ये लहानग्या बेथोव्हेनला त्याचे गुरू नेफे यांनी त्याच शिकवल्या होत्या.