सात जणी होत्या की त्या

"दुकानदार नको म्हणाला की दोन दिवस जेवण जात नाही मला. मग पुढच्या दुकानाकडं पायच वळत नाही."

डबे देणारे, ब्लाउज शिवणाऱ्या, घरगुती केक करणारी मुलं, समुपदेशनाला आले की सगळे शब्द बदलून माझ्याकडे हेच बोलतात. नकार पचवायचा कसा? त्यातल्या एका ताईंची ही हकिकत, त्यांच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई कोल्हापूरच्या. घरी कांदा-लसूण चटणी करून विकतात. (आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचा मसाला, ताटाच्या डाव्या बाजूची नव्हे.) रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि कुटायला डंकावर स्वतः उभ्या राहणार. ओळखीपाळखीत माल हातोहात खपायचा. मग दुकानात ठेवायचं मनावर घेतलं. लक्ष्मीपुरीपासून राजारामपुरीपर्यंत ११ दुकानं फिरल्या. ८ जणांनी सरळ नाही म्हटलं, तिघांनी "महिन्याने या". महिन्याने त्या गेल्याच नाहीत.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. त्या रडायला लागल्या आणि मी धीर द्यायच्या घाईत लिज्जत पापडाची गोष्ट सुरू केली. १९५९ साल, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सात जणी होत्या की त्या, मॅडम. मी एकटीच हाय."

मी गप्प बसले. समोरचा बुडत असताना काठावरून पोहणाऱ्यांच्या गोष्टी सांगू नयेत, हे मला वीस वर्षांनंतरही अधूनमधून नव्याने कळतं.

दुसऱ्या भेटीला त्यांनी वही आणली. दुकानांची नावं लिहिलेली आणि नकार आला की त्यावर काट. एका नावावर पेन इतका दाबला होता की कागद फाटून खालच्या पानावर रेघ उमटली होती. मी त्या पानाचे दोन भाग करायला सांगितले. एकीकडे दुकानदार जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. दुसरीकडे ताईंना जे ऐकू आलं ते.

डावीकडे आलं: "पुडीवर नंबर कुठाय?", "आधीच चार कंपन्यांचा माल आहे", "तेल सुटतंय याला", "मार्जिन परवडत नाही". उजवीकडे मात्र आठही ओळींत एकच वाक्य, शब्दसुद्धा तेच: "तुला जमणार नाही." मी विचारलं, हे कोण म्हणालं? सासरे, नवरा, कोणी? बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "कुणीच नाही ओ."

विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभा इथेच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत मांडली, कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. घटना आणि तिचा त्रास यांच्या मधे आपण लावलेला अर्थ असतो. दुकानदार पुडी नाकारतो, माणूस नाकारल्याचा निकाल आपण आपल्याविरुद्ध देतो.

पण सगळं खापर मनावर फोडणंही मला पटत नाही. ताईंची पुडी माझ्या टेबलावर अर्धा तास होती. उचलली तर फाइलवर लाल तेलाचा गोल डाग. लेबलही ओशट झालेलं. म्हणजे "तेल सुटतंय" म्हणणारा खरंच बोलत होता! एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी झालेली होती, पण तो १४ आकडी नंबर पुडीवर छापलाच नव्हता. ही दुखणी समुपदेशनाची नव्हेत, पॅकिंगची. जाड पाउच आणि नवं लेबल, विषय संपला.

मग गृहपाठ. एलिस स्वतः १९ व्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरायचे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांनी महिनाभर ठरवून अनोळखी स्त्रियांशी बोलायचा प्रयोग केला. ३० जणी उठून गेल्या, १०० जणी बोलल्या, एकच भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. (आज ही गोष्ट सांगताना मी जरा अवघडते; बाकावर बसलेल्या बाईची बाजू कोणी विचारली नाही.) प्रयोग फसला, पण भीती गेली. ताईंना मी सांगितलं, दोन आठवड्यांत १० नकार गोळा करून आणा. माल खपवायचा नाही, नकारच आणायचे. आणि प्रत्येकाला एकच विचारायचं: "काय बदललं तर ठेवाल?"

एकटीने जायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. जाऊबाईंना घेतलं बरोबर.

७ नकार आले. दोघांनी विकेल तसे पैसे या बोलीवर प्रत्येकी १० पुड्या ठेवून घेतल्या. एकाने गिऱ्हाइकांसमोर "बाजूला व्हा" म्हणून हाकललं, तेव्हा ताई रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून रडल्या. "किती वेळ?" मी विचारलं. "भेळ येईपर्यंत," जाऊबाई दारातून म्हणाल्या.

शेवटच्या भेटीला ताईंनी पाव किलोची पुडी पुढे केली. आमच्या कामात भेट घ्यायची नाही असा नियम आहे. मी हात जोडून नको म्हटलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी शांतपणे वही काढली. डावीकडे लिहिलं: "मॅडम. नियमात बसत नाही." उजवी बाजू कोरी ठेवली आणि पेनाला टोपण लावलं.