आमच्या मंडळाला परदेशातल्या एका शहराशी 'सिस्टर सिटी' (दोन शहरांमधला अधिकृत मैत्री करार) करायचंय, मुंबईत याची सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, कारण बारा वर्षांपूर्वी मी अगदी हाच प्रश्न घेऊन आमच्या वॉर्ड ऑफिसात गेले होते आणि तिथल्या साहेबांनी मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीकडे पाठवलं. त्यांना वाटलं बहिणीचं काहीतरी सर्टिफिकेट हवंय. असो.

तुम्ही लिहिलंय की मंडळ रजिस्टर्ड आहे, जपान नाहीतर जर्मनीतलं शहर बघताय, करार करायचाय, मुलांची ये-जा सुरू करायचीय, लोगोपण तयार आहे, आणि महापौरांच्या हस्ते सही करायचा विचार आहे. मी मुलुंडला राहते, शाळेत शिकवायचे, आता रिटायर. आमच्या छोट्या ट्रस्टतर्फे जपानमधल्या एका लहान शहराबरोबर आणि जर्मनीतल्या एका ग्रुपबरोबर असे कार्यक्रम मी चालवलेत. शहरांची नावं देत नाही, कारण खाली थोडी गाऱ्हाणी पण येणारेत.

पहिली गोष्ट, सिस्टर सिटी मंडळ करत नसतं, शहर करतं. म्हणजे महापालिका. आणि महापालिकेलाही वाटलं आणि सही केली असं चालत नाही, दिल्लीहून परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी लागते, 2014 पासून तर या राज्य-शहरांच्या परदेशी संबंधांसाठी मंत्रालयात वेगळा विभागच आहे. मुंबईचे असे करार जुने आहेत, जपानच्या योकोहामाशी 1965 पासून, जर्मनीच्या श्टुटगार्टशी 1968 पासून, लॉस एंजेलिसशी 1972 पासून, दक्षिण कोरियाच्या बुसानशी 1977 पासून. विचारा बरं दहा मुंबईकरांना, एकाला तरी माहितीय का. माझ्या भाच्याला श्टुटगार्ट म्हणजे फक्त मर्सिडीज. आणि महापौरांचं म्हणाल तर मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली आणि मग बराच काळ सगळं प्रशासकाच्या हातात होतं, त्या काळात तुमच्यासारखे सहीसाठी थांबलेले लोक नुसते थांबूनच राहिले. म्हणून महापौराच्या पेनवर कार्यक्रम टांगू नका.

मग मंडळाने करायचं काय, तर जिथे शहराचं नातं आधीच आहे त्याच्या आत शिरायचं. योकोहामाचंच घ्या, त्यांच्या पालिकेने 2015 मध्ये मुंबईत स्वतःचं ऑफिस उघडलं. योकोहामातल्या यामाशिता पार्कात दरवर्षी दिवाळीचा मेळा भरतो आणि त्याच पार्कात एक भारतीय धाटणीचं पाण्याचं कारंजं आहे, 1923 च्या भूकंपात योकोहामाच्या लोकांनी तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांना मदत केली त्याचे आभार म्हणून त्या व्यापाऱ्यांनी बांधून दिलेलं. मुंबई ते जपान ही कापसाची बोट 1893 मध्ये सुरू झाली आणि त्यात जमशेटजी टाटांचा हात होता. त्याच वर्षी विवेकानंद मुंबईहून निघून जपानमार्गे अमेरिकेला गेले, योकोहामाहून पुढच्या बोटीवर जमशेटजी त्यांच्याबरोबर होते. मी हे सगळं का सांगतेय, तर समोरच्या शहराला पहिलं पत्र लिहाल तेव्हा 'आमचं मंडळ अमुक साली स्थापन झालं, आम्ही रक्तदान शिबिरं घेतो' असं लिहू नका, त्याने कोणालाच काही वाटत नाही. तुमच्या भागाचा आणि त्यांच्या गावाचा एक तरी खरा धागा शोधा. बंदर, गिरणी, मीठ, मासे, काहीही. मुलुंडला समुद्र नाही आणि बंदर नाही तरी आम्ही शोधला, आमच्याकडे मिठागरं होती आणि त्या जपानी गावातपण मीठ काढायचे. त्या एका ओळीवर उत्तर आलं.

आता खरी गोष्ट. मी बारा वर्षांत जे शिकले ते एवढंच की सगळं काम एका वहीवर चालतं. आमच्याकडे लाल पुठ्ठ्याची वही आहे, त्यात घरांची नावं आहेत. कोण पाहुणा ठेवून घेणार, घरात किती माणसं, कमोड आहे का, लिफ्ट आहे का, मांसाहार चालतो का, कुत्रा आहे का, आजी-आजोबांपैकी कोणी आजारी आहे का. करारावर चार नावं असतात आणि ती चारही माणसं पाच वर्षांत बदलतात. वहीतली काकू कुठे जात नाही. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री आणि रशियातलं स्टालिनग्राड यांची जोडी 1944 ची, या प्रकारातल्या सगळ्यात जुन्यांपैकी, त्यात सगळ्यांना आठवतो तो करार नाहीच, आठवतो तो एक टेबलक्लॉथ. कॉव्हेंट्रीच्या 830 बायकांनी त्यावर आपापली नावं भरतकामात घातली, प्रत्येकीने थोडे पैसे पण दिले, आणि तो स्टालिनग्राडला पाठवला. ही गोष्ट कळली तेव्हा मी आमच्या वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं, हसू नका.

आणि याच्या उलटं बघायचं असेल तर ओसाका आणि सॅन फ्रान्सिस्को. 1957 पासूनचं नातं, 2018 मध्ये ओसाकाच्या महापौरांनी तोडून टाकलं. युद्धात जपानी सैन्याने ज्या बायकांवर अत्याचार केले त्यांच्या स्मारकाचा पुतळा सॅन फ्रान्सिस्कोने स्वीकारला यावरून. साठ वर्षांची सोयरीक एका पत्रात मोडली. मोठ्या शहरांचं असंच असतं हो, म्हणून आपल्यासारख्या लहान लोकांनी नातं घराघरात ठेवायचं.

आता गाऱ्हाणं. चौथ्या वर्षी आमचं जपानशी बोलणं अचानक बंद पडलं. आठ महिने एक मेल नाही. मी रडकुंडीला आलेले, कमिटीतले लोक म्हणायला लागले की बाईंनी काहीतरी चुकीचं लिहिलं असेल. मग कळलं की तिकडे सरकारी ऑफिसात दर एप्रिलला बदल्या होतात, आपला माणूस पाणीपुरवठा खात्यात गेला होता आणि मी बिचाऱ्याच्या जुन्या, स्वतःच्या मेलवर लिहीत बसले होते. चूक माझीच. तेव्हापासून नियम केला, पत्र खात्याच्या मेलवर, माणसाला फक्त कॉपी, आणि फेब्रुवारीतच विचारून ठेवायचं की एप्रिलमध्ये तुमच्या जागी कोण. आपल्याकडेपण एकाच उत्साही माणसावर सगळं सोपवू नका. मला डेंगी झाला त्या वर्षी पासवर्ड कोणाकडेच नव्हते.

पैशांचं नीट वाचा, इथे चांगली चांगली मंडळं अडकतात. परदेशातल्या संस्थेने तुमच्या ट्रस्टच्या खात्यात प्रेमाने 500 युरो जरी टाकले तरी ती परदेशी देणगी झाली, त्याला 2010 च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली नोंदणी नाहीतर आधी परवानगी लागते, 2020 च्या दुरुस्तीनंतर असे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येऊ शकतात. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात निदान 15 लाख खर्च केलेली लागते. तुमचं आमचं एवढं कुठलं. म्हणून आम्ही सरळ ठरवलं, पैसा हद्द ओलांडणार नाही. जो येतो तो स्वतःचं तिकीट काढतो, जो बोलावतो तो राहणं-जेवण-फिरणं बघतो, पुढच्या वर्षी उलट. हिशोब एका पानात मावतो आणि सीए पण खूश. आणखी एक, तुमचे अध्यक्ष कुठल्या पक्षाचे पदाधिकारी असतील (मुंबईत मंडळाचे अध्यक्ष असतातच) तर परदेशात गेल्यावर तिकडच्यांनी त्यांचं हॉटेल-जेवण करणं हेसुद्धा याच कायद्यात येतं, केंद्राची आधी परवानगी लागते. हे मी आमच्या अध्यक्षांना सांगितलं तर ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत, पण परवानगी काढली.

पाहुणा घरात उतरला की 24 तासांत परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म (पूर्वी त्याला फॉर्म सी म्हणायचे) भरायचा, ऑनलाइन असतो, हॉटेलवालेच नाही तर घरमालकानेपण भरायचा. आमच्या एका काकूंना वाटलं पोलिसांत नाव गेलं की घर बदनाम होतं, त्यांना समजावायला मी आणि माझा नवरा दोन वेळा चहा पिऊन आलो. पहिल्या वर्षी कार्यकर्त्याने प्रत्येक घरी जाऊन भरून द्यायचा, लोकांवर सोडलं तर राहतो. मुलं अठराच्या खालची असतील तर आईवडिलांचं लेखी संमतीपत्र, एका घरात दोन मुलं एकत्र, एकटं कोणी नाही. हे मी अजिबात सोडत नाही, घर कितीही ओळखीचं असलं तरी. आणि टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला तिकीट लावून स्टेजवर नाचवू नका, कार्यक्रम ठरवायच्या आधी त्यांच्याकडच्या आपल्या दूतावासाला कुठला व्हिसा ते विचारा.

जेवणावर एक अख्खा धडा लिहिता येईल. आपली मुलं तिकडे जातात तेव्हा 'व्हेज' एवढंच लिहून पाठवाल तर फसाल, जपानमध्ये भाजीच्या सूपमध्येपण वाळवलेल्या माशाचं पाणी असतं, त्यांच्या मते त्यात मासा दिसत नाही म्हणजे व्हेजच. आम्ही आता जपानीत चित्रांसकट कार्ड देतो. आमच्या मालवणी पोरांचा काही प्रश्नच नव्हता, ती म्हणाली मॅडम हे तर आमच्या घरासारखं लागतंय, जैन मुलगा मात्र पहिल्या वेळी चार दिवस भात आणि केळ्यांवर होता, त्याच्या आईचा फोन मी अजून विसरलेले नाही. इकडे येणाऱ्यांसाठी पहिले दोन दिवस बाहेरची पाणीपुरी बंद, घरचा वरणभात, थालीपीठ, हळूहळू वाढवायचं. वडापाव तिसऱ्या दिवशी.

सत्काराची सवय सोडा हे मात्र हात जोडून सांगते. पहिल्या वर्षी आम्ही सात जपानी पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले, दोन तास भाषणं. निघायच्या दिवशी होस्ट घरांतून एकेक फोन, काकू नारळ राहिलाय. सातच्या सात नारळ आणि प्रत्येकाखाली माफीची चिठ्ठी, की आमच्या देशात फळं-रोपं सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाहीत, आम्हाला फार वाईट वाटतंय. बिचाऱ्यांना झोप लागली नसेल. त्या नारळांच्या वड्या आम्ही कमिटीच्या मीटिंगला खाल्ल्या. आता आम्ही भाषण दहा मिनिटं ठेवतो आणि भेट म्हणून मुलांनी काढलेलं वारली चित्र, सपाट असतं, बॅगेत बसतं.

वेळापत्रक म्हणाल तर आपल्या मुलांना मे महिन्यात जपानला पाठवा, त्यांची पहिल्या आठवड्यातली सुट्ट्यांची गर्दी ओसरली की. तिकडे शाळा चालू असतात त्यामुळे वर्गात बसता येतं, जेवण वाढणं, वर्ग झाडणं सगळं मुलंच करतात ते बघता येतं. आमच्या एका मुलाने परत येऊन घरी एकदा स्वतःचं ताट घासलं, आई मला भेटायला आली पेढे घेऊन. एकदाच घासलं पण.

कागदावर काय लिहायचं हेही विचारलंय. एक पान पुरे, दोन संस्थांमधलं, त्याला सिस्टर सिटी म्हणू नका, नुसतं मैत्री कार्यक्रम म्हणा. तीन वर्षांची मुदत, एकच कार्यक्रम, कोण काय खर्च करणार, मुलांची जबाबदारी कोणाची, आणि थांबवायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं. धर्मादाय आयुक्तांकडच्या तुमच्या घटनेत सांस्कृतिक-शैक्षणिक उद्देश लिहिलेला आहे का ते आधी बघा, आमच्यात फक्त 'क्रीडा' होतं. पुण्यात जाऊन सिंहगड रोडचं पुलं देशपांडे उद्यान बघून या, जपानच्या ओकायामा शहराशी मैत्री म्हणून तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. पुणेकर ते कसं दाखवतात ते सोडा, पण चांगलं केलंय हे मुलुंडकर म्हणून मान्य करायला लागतं. तशी बाग आपल्याला परवडणार नाही, जागा कुठेय.

शेवटी तुम्ही विचारलंय जर्मन मुलांना गणपतीत बोलवू का. बोलवा, पण तारीख बघून. श्टुटगार्टकडच्या शाळांना जुलैअखेरपासून साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते, गणपती ऑगस्टच्या शेवटी आले तर जमतं, सप्टेंबरच्या मध्यावर गेले की त्यांची शाळा सुरू झालेली असते. घरगुती दीड दिवसाचा गणपती असलेलं घर द्या, मोदक करायला बसवा, आमच्याकडे आलेल्या मुलीने अकरा कळ्यांचा केला होता आणि तो फुटला म्हणून खरंच रडली. विसर्जनाच्या गर्दीत लालबागला वगैरे नेऊ नका, आपल्याच नाक्यावरची मिरवणूक पुरते. आणि प्रत्येकाच्या खिशात होस्ट घराचा पत्ता नि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, इंग्रजीत नको, मराठीत, रिक्षावाल्याला आणि बंदोबस्तावरच्या हवालदाराला दाखवता आली पाहिजे. मोबाईलची बॅटरी ढोल सुरू व्हायच्या आधीच संपलेली असते.