साखर जोडणारं एन्झाइम बंद केलं, तर परजीवीची संसर्गक्षमता जाते का?

वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या लेश्मानिया मेजरपुरतं बोलायचं तर बरीच घटते. वाळूमाशीच्या आतड्यात असताना हा एकपेशीय परजीवी अंगावरच्या एलपीजी (लिपोफॉस्फोग्लायकन; गॅस सिलिंडरशी संबंध नाही!) नावाच्या साखळ्यांना एका एन्झाइमने गॅलॅक्टोज या साखरेची टोकं लावून ठेवतो. त्यांच्याच जोरावर तो आतड्याच्या भिंतीला धरून बसतो, नाहीतर माशीच्या विष्ठेबरोबर बाहेर जाईल. लागण करण्याइतका तयार झाला, की दुसरं एन्झाइम त्या टोकांवर अरॅबिनोज या दुसऱ्या साखरेची टोपी चढवतं. पकड सुटते आणि तो माशीच्या तोंडाकडे सरकतो. ही साखळी उभारायला लागणारं, साखर जोडणारं आणखी एक एन्झाइम बनवणारं एलपीजी-१ जनुक काढलं, तर उंदरांत जखमा उशिरा उमटतात. गंमत म्हणजे लेश्मानिया मेक्सिकाना या दुसऱ्या जातीतलं तेच जनुक काढलं तरी उंदीर आजारी पडतातच. त्यामुळे हे एकच एन्झाइम अडवणारं औषध सगळ्या लेश्मानियांवर चालेल, असं मला वाटत नाही.